झांकलेल्या पानांचा हिशेब

जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांनीं रचलेला व १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला 'कॅटन' हा सोंगट्यापानांचा खेळ आतां आपल्याकडील घरांतही शिरला आहे. लाकूड, वीट, लोकर, धान्य व खनिज यांचीं पानें झांकून धरावयाचीं आणि देवघेव करीत रस्ते, वसाहती व नगरें उभारावयाचीं. प्रतिपक्षाचीं पानें ध्यानांत ठेवावींत काय?

आमच्या मतें हीं पानें नांवालाच झांकलेलीं. फांशांचें उत्पन्न सर्वांदेखत मिळतें; सौदा उघड, खर्चही उघड. लपते ती केवळ चोरी: सात पडले म्हणजे एकजण दुसऱ्याच्या हातांतून न पाहतां एक पान ओढतो, व तें कोणतें हें त्या दोघांसच ठाऊक.

तेव्हां जमाखर्च ठेवणें शक्य आहे. परंतु सगळाच कशाला? नगरास तीन खनिजें व दोन धान्यें लागतात; ज्याच्यापाशीं एका खनिजाचीच उणीव आहे त्यास तें देऊं नये. मक्तेदारीचें पान टाकण्यापूर्वीं इतरांपाशीं कोणता माल सांचला आहे तेंही जाणावें. बाकी लोकरीचें पान न् पान मोजीत बसणारा गृहस्थ पाळी लांबवितो आणि मुलें पेंगूं लागतात. शिवाय सौदा हा खुशीचा मामला. "तुझ्याजवळ दोन विटा आहेतच" असें धाकट्या बहिणीस तोंडावर सांगणाऱ्या दादाशीं पुढें कोणी देवघेव करीत नाहीं! हिशेब मनांतल्या मनांतच असावा. सातांहून अधिक पानें धरणाऱ्यावर मात्र डोळा ठेवावा. सात पडतांच त्याचीं निम्मीं जातात, म्हणून तत्पूर्वीं तो स्वस्तांत सौद्यास राजी असतो.