चाळिशी लागल्यावर

आपली मराठी भाषा मोठी खट्याळ. चाळीस वर्षांचे वय म्हणजे चाळिशी, आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्मा म्हणजेही चाळिशीच! जवळचे नीट दिसेनासे होते म्हणून हा चष्मा लागतो. याच सुमारास पुष्कळांना आपली जवळची नोकरीही धूसर दिसू लागते आणि दूरचे डोंगर फारच साजरे वाटू लागतात.

आमच्या शेजारी बँकेतले एक अधिकारी राहतात. वय त्रेचाळीस, घराचे हप्ते अजून बारा वर्षांचे, मुलगी दहावीत. परवा ते म्हणाले, “सर, आता सगळे सोडून लाकूडकाम करावे म्हणतो. रविवारी रंधा हातात घेतला की जिवाला बरे वाटते.”

बरोबर वहिनी होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, मग मी काय काय सोडायचे, तेही यांना विचारा.”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मला दादासाहेब फाळके आठवले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तेही त्रेचाळीस वर्षांचेच होते. त्यांनी सगळे सोडून चित्रपटात उडी घेतली, असे आपण कौतुकाने सांगतो. पण सोडले काय? छापखान्यातली भागीदारी मोडली होती, इतकेच. चित्रकला, छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातले आराखडे काढणे, छपाईची यंत्रे, एवढेच काय, जादूचे प्रयोगसुद्धा, सारे काही ते बरोबर घेऊन गेले. पडद्यावर देव प्रकट करायचे, तर अंगात थोडा जादूगार लागतोच!

बरे, उडीही एकदम घेतली नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपून ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म केली. ती पाहूनच पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला.

आणि घर? सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला भोके पाडली, ती धुतली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. व्यवसाय फाळक्यांचा बदलला, पण दिनक्रम बाईंचाही बदलला. वहिनींचा प्रश्न तो हाच.

पुढचेही सांगितले पाहिजे. बोलपट आले आणि दिवस पालटले. 1937 चा ‘गंगावतरण’ त्यांचा अखेरचा ठरला आणि 1944 साली नाशिकला ते वारले, तेव्हा गाठीला संपत्ती नव्हती. मनाजोगते काम मिळाले म्हणजे सुबत्ताही मिळतेच, असा काही करार नसतो.

डॉ. श्रीराम लागूंचेही असेच. कान-नाक-घशाचे हे शल्यविशारद 1969 साली पूर्णवेळ रंगभूमीवर आले, पण त्याआधी कितीतरी वर्षे ते हौशी नाटकांतून कामे करीत होते. ‘नटसम्राट’ आला तो त्यानंतर, 1970 साली.

म्हणून मी शेजाऱ्यांना म्हटले, “एक वर्ष नोकरी राहू द्या. संध्याकाळी स्टुले करा, पाट करा, पण भेट देऊ नका, दाम घेऊन विका. ‘खण अडकतो’ म्हणून गिऱ्हाईक दारात उभे राहिले, तरी रंधा तितकाच गोड लागतो का, ते पाहा. खर्चाचा अंदाज, कर्जाची कागदपत्रे, उधारीची वसुली यांत भलेभले कारागीर अडतात, आणि ते तर तुमचे रोजचेच काम! मात्र हप्ते आणि मुलीचे शिक्षण यांसाठी किती रक्कम बाजूला राहील, तो आकडा वहिनी ठरवतील. त्याला हात लागेल असे दिसले, की थांबायचे.”

त्यांना हा सल्ला जरा बेचव वाटला असावा. वहिनींनी मात्र वही मागितली.

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुनी पेटी खाली येते. ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी आत काय आहे, ते आपण पाहतोच ना? वीस वर्षांच्या नोकरीला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे? फक्त पेटी उतरवताना घरच्यांना हाक मारावी. एकट्याचे दोन हात तिला पुरत नाहीत.