नक्कल की बनावट? नाकाला विचारा!

दोस्तांनो, हिंगोलीचा दसरा म्हटला की रामलीला मैदानावरचं प्रदर्शन आलंच! समजा, तिथं तुम्हाला सेंटच्या बाटल्यांचा स्टॉल दिसला. दादाला भेट द्यायचीय, पण साठवलेले पैसे मोजकेच. विक्रेता म्हणतो, "घ्या, अगदी त्या महागड्या फॉरेनच्या सेंटसारखा वास!" मानायचं का खरं? चला, तपासू या.

आधी एक फरक ओळखा. क्रीड कंपनीचं 'अव्हेंटस' हे पुरुषांचं सेंट २०१० साली आलं. अननसाची आणि धुरकट लाकडाची आठवण देणारा त्याचा वास गाजला, पण किंमत भलतीच! मग संयुक्त अरब अमिरातीतल्या आर्माफनं त्याच धाटणीचं, खूप स्वस्त 'क्लब द नुई इंटेन्स मॅन' काढलं. त्यावर नाव मात्र त्यांचं स्वतःचं. ही झाली नक्कल. पण दुसऱ्यानंच सेंट बनवायचं आणि बाटलीवर 'अव्हेंटस' छापायचं, ही बनावट. तो गुन्हा आहे बरं का!

आता वास तपासण्याची रीत. सेंटमधले सगळे घटक एकाच वेगानं उडत नाहीत. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास काही मिनिटांत जातात. मग फुलं, मसाले. लाकूड आणि कस्तुरीसारखे जड वास तासन्‌तास रेंगाळतात. वर सांगितलेल्या नकलेत सुरुवातीचा लिंबाचा वास जरा टोचतो, नंतर ती मूळ सेंटच्या बरीच जवळ जाते, असं अनेक शौकीन सांगतात. म्हणून पहिल्याच फवाऱ्यावर निकाल देऊ नका!

मूळ सेंट कुणाकडे असेल तर कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही वेगवेगळी फवारा. कुठली कोणती, हे फक्त मित्राला ठाऊक हवं. ५ मिनिटांनी, अर्ध्या तासानं आणि ३ तासांनी वास घेऊन वहीत नोंद करा. मधेमधे स्वतःच्या बाहीचा वास घ्या, म्हणजे थकलेल्या नाकाला विसावा मिळेल. किंमत आधी कळली, की नाकही फितूर होतं!

बाटलीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच नंबर आणि वापराची मुदत पाहा. काहीच नसेल तर स्वस्त असलं तरी नको. मोठ्यांना विचारून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नका. आणि हो, सेंटमधलं अल्कोहोल झटकन पेट घेतं. पणतीजवळ फवारायचं नाही!

तीन तासांनीही फरक कळला नाही, तर जास्तीचे पैसे नावाचे आणि खोक्याचे, असं समजायला हरकत नाही. फरक कळला, तर तो तेवढ्या पैशांचा आहे का, ते तुम्हीच ठरवा. नक्कल आवडली तर खुशाल घ्या. फक्त दादाला देताना "ओरिजिनल आहे" असं सांगू नका. नाहीतर बाटली खरी आणि आपण बनावट, असं व्हायचं!