मुलांची दूरदृष्टी आणि पालकांची रीत

दिवाळीच्या सुट्टीहून वसतिगृहात परतलेल्या मुलांच्या खिशात थोडेफार पैसे असतात. काहींचे चार दिवसांत संपतात, काहींना परीक्षेपर्यंत पुरतात. वर्षानुवर्षे हे पाहताना आम्हांस जाणवले की, हा फरक रकमेचा नसून घरच्या रीतीचा आहे. जेथे मागितले ते तत्काळ मिळते, तेथे थांबण्याची सवय लागत नाही. जेथे केवळ हुकूम चालतो, तेथे मूल आज्ञा पाळते. परंतु पुढचा विचार वडिलांवर सोपवून मोकळे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात या दोहोंहून वेगळी रीत मांडली: नियम ठाम, पण त्यामागील कारण मुलास समजावून सांगणारी.

त्यासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीतील एका खोलीत भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यांना अभ्यासास उठवून आपण निजत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण ठेवले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. रामजी शिस्तीचे कठोर होते, हे खरेच. पण त्या कठोरपणाचा निम्मा भार ते स्वतः वाहत होते आणि मुलगा ते पाहत होता.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यास उद्याचा विचार शिकवावा लागत नाही. पऱ्हे टाकतानाच तो रोवणीचे दिवस मोजतो. परंतु हा हिशेब तो मुलास सांगत नाही. "तू फक्त अभ्यास कर" म्हणतो. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हेही मग वडीलच ठरवतात. बियाणे किती, सोसायटीचे कर्ज केव्हा फेडायचे, हे मुलांच्या देखत बोलले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोजमजुरीवर चालणाऱ्या घरास उद्याची खात्री नसते, हे आम्ही जाणतो. अशा घरातील मूल हाती आलेले लगेच संपवते, तेव्हा त्यास उधळे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने दिलेले शब्द मोडताना पाहिले आहेत. म्हणून पालकांस एवढीच विनंती की, रविवारी भेटीस येतो म्हटले तर यावे. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. फाटकाशी उभे राहिलेले मूल जेवणाची घंटा झाली तरी हलत नाही.