लेक जामीन राहते तेव्हा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गोरेगावच्या सोसायटीतले मास्तर घरी आले. हातात जाडजूड लिफाफा. न्यू जर्सीतली त्यांची लेक आता अमेरिकन नागरिक झाली आहे आणि आईवडिलांना तिने कायमचे तिकडे बोलावले आहे. लिफाफ्यात तिच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्राची प्रत, नोकरीचा दाखला, पगाराच्या पावत्या आणि एक लांबलचक प्रतिज्ञापत्र. मास्तर म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात, जरा वाचून सांगा. आम्ही काय तिचे कर्जदार झालो?"

"नाही मास्तर. ती तुमची जामीनदार झाली आहे."

मास्तर गप्प झाले. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच लेकीच्या शिक्षणकर्जासाठी ते जामीन राहिले होते आणि ती सही माझ्याच टेबलावर झाली होती. आता पारडे फिरले, हे त्यांना लागले असावे.

१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, त्या न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या भरवशावर. ओळख फक्त पत्रांची. आज पोटच्या लेकीलाही कागद द्यावा लागतो. अमेरिकेने १९९६ साली कायदा केला आणि १९९७ च्या डिसेंबरपासून हे प्रतिज्ञापत्र न्यायालयात बंधनकारक ठरले. बोलावणाऱ्याचे उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट हवे, आणि तेही घरातली सगळी माणसे, येणारी धरून, मोजून. आईवडिलांच्या बाबतीत उत्पन्न कमी पडले, तर तफावतीच्या पाचपट मालमत्ता दाखवायची. त्यात येणाऱ्याची मालमत्ताही चालते. तेही जमले नाही, तर सहजामीन शोधायचा.

आपल्याकडे घोडे अडते ते इथे. "नुसती सही हवी हो," असे म्हणत मंडळी तिकडच्या मावसभावाला, मित्राला गळ घालतात. बँकेतल्या माझ्या नोकरीत या 'नुसत्या सही'ने बुडालेली घरे मी पाहिली आहेत. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की एरवी ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अमेरिकेतला हा जामीन तर आणखी चिवट. आलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा झाल्या, तो कायमचा देश सोडून गेला, किंवा दोघांपैकी एक वारला, तरच तो सुटतो. नवराबायकोचा घटस्फोट झाला तरी सुटत नाही. लग्न करून तिकडे गेलेल्या आपल्या मुलींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. कबूल केलेला आधार मिळाला नाही, तर आलेला माणूस जामीनदारावर दावा लावू शकतो.

म्हणून मला या अटीत अपमान दिसत नाही. माणूस बोलावणाऱ्याने त्याच्या पोटापाण्याची हमी द्यावी, हे रास्तच आहे. माझी तक्रार आहे ती आपल्या घरांबद्दल. वकिलातीला दाखवायचे आकडे आपण पै-पैशाने जुळवतो, पण एकमेकांना विचारायचे प्रश्न विचारत नाही.

मास्तरांना मी तीन प्रश्न लिहून दिले. पहिला, औषधपाण्याचा. पासष्टी उलटली तरी तिथे कधीच काम न केलेल्या आईबापांना सरकारी आरोग्य विमा सहसा पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मिळत नाही. तोवर विमा कोण भरणार? दुसरा, गोरेगावच्या घराचा. करमले नाही, तर परतायला हक्काचे दार राहील ना? तिसरा, निवृत्तिवेतनाचा. ते मास्तरांच्याच हाती राहील की लेकीच्या घरखर्चात जाईल? मागून घेतलेल्या दोन डॉलरांचा चहा म्हातारपणी फार कडू लागतो.

मास्तर म्हणाले, "लेकीला असले प्रश्न कसे विचारायचे?"

"तुमची सही घेताना मी तुम्हाला विचारले होते, तसेच," मी म्हणालो.

त्या रविवारी त्यांनी फोन केला. पहिल्या प्रश्नावर लेक जरा रागावली, दुसऱ्यावर रडली आणि तिसऱ्यावर म्हणाली, "बाबा, हे मीच आधी विचारायला हवं होतं." मुलाखतीची तारीख अजून यायची आहे. घर विकायला आलेल्या दलालाला मात्र मास्तरांनी नकार कळवून टाकला आहे.