कापूस कोठून आला?

आमच्या आदिलाबादेहून मुंबईला जाण्यास गाडी बदलावी लागत नाही. नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये बसावे; 1956 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेले किनवट मागे पडते, मग नांदेड, मनमाड, आणि दुसऱ्या दिवशी गाडी थेट त्या प्रसिद्ध गोथिक स्टेशनाच्या घुमटाशी आणून सोडते. पाऊणशे मैलांवरच्या नातेवाइकांकडे जाण्यास जी दगदग होते, तितकीही या प्रवासात होत नाही. म्हणून मुंबई आम्हांला परकी कधी वाटलीच नाही. पण मुंबईला आम्ही कितपत आपले वाटतो, हा प्रश्न मात्र परवाच्या खेपेस प्रथमच मनात आला.

निमित्त अगदी साधे होते. जुन्या इमारती पायी हिंडून दाखविण्याची प्रथा मुंबईत आता चांगली रुजली आहे. मंडळी याला हेरिटेज वॉक म्हणतात. आपण वारसाफेरी म्हणू. पुतण्याने माझे आणि त्याच्या दहा वर्षांच्या मुलाचे नाव अशा एका फेरीस घातले. रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनासमोर पंधरा-वीस माणसे जमली. फेरी नेणाऱ्या बाई तरुण होत्या, वास्तुशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि आपल्या शहरावर त्यांचे मनापासून प्रेम होते. दोन तास त्या न थकता बोलत होत्या. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे 1878 ते 1888 या दहा वर्षांत हे स्टेशन कसे उभे राहिले, त्याच्या भिंतींवर मोर, माकडे आणि येथली पानेफुले कशी कोरली गेली, हे त्यांनी दाखविले. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, 1860 नंतरच्या दशकात, किल्ल्याचे तट पाडून शहराने मोकळा श्वास घेतला, हे सांगितले. टाउन हॉलच्या 1833 सालच्या पायऱ्यांवर आम्हांला बसविले. 2004 मध्ये स्टेशनाची आणि 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गोथिक व आर्ट डेको इमारतींची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर जो आनंद दिसला तो पाहण्यासारखा होता.

विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखाली आम्ही थांबलो. 280 फूट उंचीचा हा मनोरा सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडात बसून आखला आणि 1878 मध्ये तो पुरा झाला. त्यासाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यांनी, आणि नाव दिले आपल्या मातोश्रींचे. हा पैसा आला कोठून? 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी राहिल्या, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदशेठही त्या लाटेत सापडले. पण त्या सुगीने दिलेली भव्यतेची हौस शहराच्या अंगी राहिली. हे सारे बाईंनी फार सुरेख सांगितले.

तेवढ्यात आमच्या नातवाने विचारले, “पण कापूस कोठून आला?”

बाई हसल्या आणि म्हणाल्या, “आतल्या भागातून.” मग घड्याळाकडे पाहून त्या पुढे निघाल्या. नातवाने माझा हात ओढला. “आजोबा, आतला भाग म्हणजे कुठला?”

मी त्या आतल्या भागाचा रहिवासी. पण मलाही चटकन उत्तर देता आले नाही.

परतीच्या गाडीत मी ते जुळवीत बसलो. त्या वर्षांतला कापूस गुजरातेतून आला, खानदेशातून आला, तसाच वऱ्हाडातून आणि हिंगणघाटच्या बाजूने आला. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख; 1853 च्या तहाने त्याचा कारभार फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे गेला. आगगाडीने बोरघाट ओलांडला 1863 मध्ये आणि थळघाट 1865 मध्ये. तोवर कापसाचे ओझे बैलांनीच घाटापार वाहिले. वऱ्हाडची ती काळी माती पैनगंगेशी येऊन थांबत नाही. नदीपलीकडे यवतमाळ, अलीकडे आदिलाबाद. मध्ये राज्याची सीमा आहे, परंतु कपाशीला ती ठाऊक नाही. आजही हिवाळ्यात आदिलाबादच्या बाजारआवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा दोन्ही काठांच्या बोली तेथे एकत्र ऐकू येतात.

आणि आतल्या भागाने केवळ कापूसच दिला असे नाही. मुंबईत कामाठीपुरा नावाची वस्ती आहे. या नावाचा उच्चार होताच सभ्य मंडळी नजर चुकवितात. पण कामाठी म्हणजे कोण? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून निजामाच्या तेलंगणातून मुंबईस आलेले मजूर. शहराच्या बांधकामांवर पाट्या वाहणारे, दगड उचलणारे, तेलुगू बोलणारे हे लोक जेथे राहिले, त्या वस्तीला त्यांचे नाव पडले. पुढे त्या वस्तीच्या नशिबी दुसरेच काही आले आणि लोकांनी तेवढेच लक्षात ठेवले. ज्यांच्या अंगमेहनतीवर हे शहर उभे राहिले त्यांचे नाव आज लाजेचे झाले, आणि मनोऱ्याला पैसा देणाराचे नाव अभिमानाचे. प्रेमचंदशेठचा मान कमी करावा असे मी म्हणत नाही. दानशूरपणा त्यांचा होताच. कामाठ्याची आठवणही त्याच पंगतीला बसावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, दोन तासांत सांगायचे तरी किती? हा आक्षेप रास्त आहे. फेरी नेणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यासारखी माणसे नसती तर त्या इमारतींकडे मान वर करून कोणी पाहिले नसते. पण खिडकीच्या कमानीला जितका वेळ लागतो, त्यातलाच अर्धा मिनिट या दोन गोष्टींना पुरेल. मनोऱ्याखाली कापसाचे शेत सांगावे आणि दगडाजवळ दगड वाहणारा सांगावा. बंदराचे शहर समुद्राने जितके घडविले तितकेच पाठीमागच्या मुलखाने. पाठीमागचा मुलूख वगळला तर त्या इमारती आकाशातून पडल्यासारख्या दिसतात.

एवढे लिहिल्यावर स्वतःच्या पदरातले पाप सांगणे भाग आहे. आदिलाबादपासून वीस-एकवीस किलोमीटरवर जैनथ हे गाव आहे. तेथील लक्ष्मीनारायणाच्या देवळात लहानपणापासून किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. प्रसाद घेतला, ओट्यावर बसलो, परत आलो. जैनथला एक संस्कृत शिलालेख सापडलेला आहे. तो परमार राजा जगद्देव याच्या काळचा. हा जगद्देव माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा आणि आपल्याकडे चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाला आलेला. त्याच्या पदरच्या लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ बांधविले, असे तो लेख सांगतो. नऊशे वर्षांपूर्वी एका बाईचे नाव दगडावर कोरले गेले. आणि त्याच पंचक्रोशीत जन्मलेल्या मला ते कळले केव्हा? मुंबईहून परतल्यावर, नातवाच्या प्रश्नाने खजील होऊन पुस्तके उघडली तेव्हा! मुंबईच्या बाईंना मी कोणत्या तोंडाने बोल लावू? माझा आतला भाग मलाच ठाऊक नव्हता.

आपल्या जुन्या मराठी घराण्यांना ही गोष्ट विशेषेकरून लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण या मुलखात आहोत. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि निजामाच्या अमदानीत कचेरीत उर्दू, असा संसार आपल्या वाडवडिलांनी निभावला. घराण्याची वंशावळ आपण जपून ठेवतो, पण गावाची ठेवीत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना मुंबई-पुणे दाखवितो. जैनथ त्यांना दाखवावे असे आपल्या मनातही येत नाही. मग ती मुले मोठी झाल्यावर आपल्या गावाचा उल्लेख ‘आतला भाग’ असाच करू लागली, तर त्यात नवल ते काय?

उपाय अवघड नाही आणि खर्चाचाही नाही. गावात निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्यापाशी वेळ आहे. महिन्यातून एक रविवार ठरवावा. सकाळी बाजारआवारापासून निघावे, सरकी काढण्याचा कारखाना दाखवावा, जुन्या पेठेतून हिंडावे, आणि शेवटी जैनथला जाऊन पद्मावतीचे नाव मुलांना सांगावे. सांगणे मराठीत व्हावे, तेलुगूत व्हावे, आणि गोंडी बोलणारा कोणी पुढे आला तर गोंडीतही व्हावे. कारण या भूमीवर सर्वांत जुना हक्क त्या लोकांचा आहे. चार मुले आली तरी पुष्कळ झाली.

नातवाला मी पत्र लिहिले आहे. थंडीत, कापूस बाजारात येऊ लागला की त्याने यावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी गाड्यांच्या रांगेत उभा राहून देणार आहे; आणि जैनथला मात्र त्याच्याबरोबर मीही नव्यानेच जाणार आहे.