अंड्याला टणक कवच कशाला?

कुणालाही विचारा, "संरक्षणासाठी" हेच उत्तर येतं. मला ते अर्धवट वाटतं. अहो, मुंगूस किंवा घोरपड यांच्यापुढे त्या कवचाचा काय टिकाव लागणार? आणि संरक्षणच हवं, तर कासवांनी काय घोडं मारलंय? वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं घालतात ती अंडी दिसतात टेबल टेनिसच्या चेंडूसारखी, पण दाबली की दबतात.

माझ्या मते खरी गोम पाण्यात आहे. मऊ कवचातून पाणी सहज ये-जा करतं. ओलसर वाळूत ते बरंच, पण उघड्यावर अंडं सुकून जाणार. म्हणजे पुरणं आलं. टणक कवचाने हे बंधन सैल केलं. आपल्या घरातली पालच बघा ना. तिची अंडी घातल्यावर थोड्या वेळात कडक होतात, म्हणून तर फोटोच्या मागे, ठणठणीत कोरड्या जागीही ती टिकतात. पक्ष्यांनी तर उघड्या घरट्यात अंडी ठेवून वर बसायलाच सुरुवात केली! (मगरीची अंडी टणक असूनही ती पुरतेच. निसर्गाला आपले नियम कुठे पाठ असतात?)

२०२० साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. मंगोलियातला प्रोटोसेराटॉप्स आणि अर्जेंटिनातला मुसॉरस, दोघांचीही अंडी मऊ कवचाची निघाली. त्या संशोधकांच्या मते डायनासोरांमध्ये टणक कवच निदान तीनदा, स्वतंत्रपणे आलं. पाली वेगळ्याच. इतक्यांदा आलं, म्हणजे फायदा मोठाच असणार. शिवाय पिल्लू वाढताना हाडांसाठी कॅल्शियमही त्या कवचातूनच घेतं. घर ते घर आणि वर शिदोरीही!

पण हा सगळा खर्च आईच्या अंगावर. कोंबडीच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून तेवढं वेळेवर मिळालं नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तिला हे झेपतं. पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास घालते, म्हणजे वर्षाला ६०० ग्रॅम कॅल्शियम, आणि तिची हाडं इतकी ठिसूळ होतात की पिंजऱ्यातून काढतानाही मोडतात. डझनाचा भाव दोन रुपयांनी वाढला की आपण कुरकुरतो, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.