विश्लेषण : ‘महिन्यात दहा किलो घटवा’… आयुर्वेद खरेच असे सांगतो का?

रील पाहता पाहता एक जाहिरात हमखास समोर येते. हिरवी डबी, पांढरा कोट आणि दावा : ‘महिन्यात दहा किलो कमी, दुष्परिणाम शून्य, शंभर टक्के आयुर्वेदिक.’ देशात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगते. त्यामुळे अशा डबीला गिऱ्हाइकांची कमी नाही. पण हा दावा कितपत खरा?

ग्रंथात काय आहे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१व्या अध्यायात स्थौल्याची चर्चा आहे. जड, गोड, स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव, दुपारची झोप आणि आनुवंशिकता ही कारणे त्यात येतात. उपचारात जव, कुळीथ, मूग, ताक, त्रिफळा, गुळवेल आहेत; व्यायाम मात्र टप्प्याटप्प्याने वाढवायचा आहे. अति कृश आणि अति स्थूल यांपैकी स्थूल व्यक्तीचा उपचार अधिक कठीण, असेही चरक सांगतात. झटपट उतरणीचे आश्वासन तिथे नाही.

दहा किलोंचे गणित काय?

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. महिन्यात दहा किलो चरबी घटवायची तर रोज सुमारे २,५०० कॅलरींची तूट हवी. अनेकांचा दिवसभराचा आहारच तेवढा नसतो. वमन-विरेचनानंतर काटा खाली येतो, पण त्यात पाणी आणि रिकाम्या पोटाचा वाटा मोठा. नेहमीचे जेवण सुरू झाले की आकडा परत वर जातो.

‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित?

कोकमाच्या जातकुळीतील गार्सिनिया कंबोजिया अनेक गोळ्यांत असतो. १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १३५ जणांवरील १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटाचे वजन लक्षणीय घटले नाही. दुसरा धोका भेसळीचा. हृदयविकाराच्या जोखमीमुळे भारताने २०११ मध्ये बंदी घातलेले सिब्युट्रामिन ‘हर्बल’ उत्पादनांत लपवलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे.

कायदा काय म्हणतो?

१९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. त्यावर औषधाने उपचाराचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला राज्याची पूर्वमंजुरी सक्तीची करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. केंद्राने जुलै २०२४ मध्ये तो वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना ती उठली. म्हणजे जाहिरात आधी तपासणारी चाळणी गेली. कारवाई होते ती जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर. शिवाय अनेक डब्या ‘अन्नपूरक’ म्हणून विकल्या जातात, औषध म्हणून नाही.

मग काय करावे?

डबीवर औषधाचा परवाना आहे की अन्नपदार्थाचा, हे आधी पाहा. नोंदणीकृत वैद्यांना थायरॉइड, साखरेचे रिपोर्ट आणि सुरू असलेली औषधे दाखवा. ती औषधे स्वतःहून बंद करू नका. खोटा दावा दिसला तर स्क्रीनशॉटसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आणि कोणी आहाराबद्दल न विचारताच पुडी हातात देत असेल, तर तो उपचार चरकांच्या मार्गाचाही नाही.